जखम भरली, गाठ राहिली

पायाला काही लागलं, की माझ्या आईचा हात आधी जखमेकडे जात नाही, जांघेकडे जातो. काटा रुतो, ठेच लागो, कोयती निसटून पिंढरीवर येवो. जखम कुणीतरी बांधत असतं, आणि आई मात्र जांघेत चाचपत असते. बोराच्या बीएवढी गाठ हाताला लागली, की ती म्हणते, “अवधाण इला.” मग तव्यावर खडेमीठ तापवायचं, फडक्यात बांधायचं आणि शेकायचं. जखम भरली की अवधाण आपोआप उतरतं. आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ते खोटंही नाही. माझ्या लहानपणी निदान सात-आठ वेळा तरी अवधाण आलं आणि प्रत्येक वेळी उतरलं.

एक मात्र उतरलं नाही. त्याबद्दल लिहायचं आहे.

माझं नाव सुनंदा. वय अठ्ठेचाळीस. माहेर देवगड तालुक्यातलं. वडील दुसऱ्यांच्या आंब्याच्या बागा राखायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली, तीही शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी कॉलेजचा फॉर्म स्वतः आणून, ओट्यावर बसून भरून घेतला म्हणून. त्या बीएस्सीच्या जोरावर मी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. राहायला कांजूरमार्ग पूर्वेला. नवरा विलास लिफ्टच्या दुरुस्तीचं काम बघतो, मुलगी तेजू बारावीत आहे. वडील गेल्यापासून आई आमच्याकडेच असते.

हे सांगितलं ते अशासाठी, की मी अडाणी नव्हते. आजार मला नवीनही नव्हता. तरीही चूक झाली.

पहिल्या वेळचं थोडक्यात

साडेतीन वर्षांपूर्वी माझं पोट फुगायला लागलं. मला वाटलं वय झालं, आईला वाटलं गॅस. तपासल्यावर अंडाशयाचा कॅन्सर निघाला. मोठं ऑपरेशन झालं आणि सहा केमो झाल्या. त्या दिवसांबद्दल खूप लिहिता येईल, पण आज नको. केस गेले, परत आले. पहिल्यापेक्षा कुरळे आले. तेजू म्हणाली, “मम्मी, फुकटात पर्म!”

मग दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडमची भेट. रक्तात एक खूण बघतात, सीए-१२५ म्हणतात तिला. आजार होता तेव्हा माझा आकडा शेकड्यांत होता, उपचारांनंतर तो अकरा-बारावर येऊन बसला. तो अकरा माझा देव झाला. रिपोर्ट आला की मी बाकी काही वाचायची नाही, फक्त तो आकडा बघायची आणि विलासला फोन करायची. “अकरा.” तिकडून तो म्हणायचा, “झकास.” एवढंच बोलणं.

पोटातला आजार परत आला तर पोटातच येईल, अशी माझी समजूत होती. त्यामुळे मी रोज आंघोळ करताना पोट बघायची. दुसरीकडे कुठे बघायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं.

कालव

उपचार संपून दोन वर्षं झाली म्हणून आम्ही चौघं एका रविवारी मनोरीला गेलो. मालाडहून मार्वे, तिथून बोट. आईला समुद्र बघून इतकी वर्षं झाली होती, की ती बोटीतच पदर खोचून उभी राहिली. ओहोटी होती. मी चपला काढून खडकांवर गेले आणि कालवाच्या शिंपल्याने उजवा तळवा चांगला बोटभर कापला.

विलास रुमाल घेऊन धावला. आई वाळूत बसून हसायला लागली.

“अगो, कोकणातला चेडू तू आणि कालवान पाय कापून घेतलंस? मुंबयच्या बायलांसारखा?”

“आई, रक्त बघा किती जातंय,” विलास म्हणाला.

“जातला नि थांबतला. कालव काय तुझ्या सासऱ्याचा असा?”

तेजूला हसू आवरेना. मीही हसले. तो दिवस फार चांगला गेला, आणि अजूनही मी तो चांगलाच मानते.

कालवाची जखम चिघळते. तशी चिघळली. चौथ्या दिवशी पाय सुजला. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टी केली. घरी आल्यावर आईने नेहमीप्रमाणे जांघेत हात घातला. “इला बघ अवधाण. येतलाच.” मीही हात लावून पाहिला. उजवीकडे हरभऱ्याएवढी घट्ट गाठ होती. दुखत नव्हती. अवधाण दुखतं, हे मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. त्या दिवशी आम्ही दोघी ते विसरलो.

शेक सुरू झाला. तीन आठवड्यांत जखम भरली, वर नवी गुलाबी कातडी आली. गाठ तशीच होती.

“आत कपची ऱ्हवली असतली,” आई म्हणाली. “कालवाची कपची लय दिवस ऱ्हवता. ती भायर इल्याशिवाय अवधाण उतराचा नाय.”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं. गल्लीतल्या डॉक्टरांना मी पाय दाखवला होता, जांघ नाही. ते ओळखीचे, रोज रस्त्यात भेटणारे, त्यांना तिथे कसं दाखवायचं म्हणून लाज वाटली. ज्या बाईचं अडीच वर्षांपूर्वी अर्धं पोट उघडलं होतं, तिला ही लाज! पण वाटली.

त्याच दरम्यान तिमाही रक्ततपासणी आली. अकरा. विलास म्हणाला, “झकास.” प्रयोगशाळेत कामाची गर्दी होती. मी डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात फोन करून सांगितलं, की रिपोर्ट नॉर्मल आहे, भेटीला पुढच्या महिन्यात येते. भेट मी पुढे ढकलली. मी स्वतः.

टाकी आणि नळ

आमच्या कामात एक साधा नियम आहे. एखाद्या इमारतीचं पाणी तपासायचं तर टाकीतला एक नमुना आणून चालत नाही. तळमजल्याचा नळ, मधल्या मजल्याचा नळ, सगळ्यात शेवटचा नळ, असे वेगवेगळे नमुने घ्यायचे. टाकी स्वच्छ असते आणि गंजलेल्या एका नळीमुळे शेवटच्या घरातलं पाणी खराब असतं. हे मी वीस वर्षं नवीन लोकांना शिकवत आले.

त्या गुरुवारी माझी सहकारी शुभांगी एका सोसायटीचा रिपोर्ट सहीला घेऊन आली. आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो नाही.

“सही कर ना गं. टाकी एकदम क्लीन आहे.”

“नळांचे नमुने?”

“अगं, टाकी पास झाली ना! वरच्या मजल्यावरची ती म्हातारी उगाच कटकट करते, पाण्याला वास येतो म्हणे.”

“शुभांगी, बाईला वास येतोय ना? मग तिच्याच नळाचं पाणी आण. टाकीचा आकडा टाकीपुरता.”

“तू म्हणजे ना...” ती पुटपुटत गेली.

मी खुर्चीत बसून राहिले. पाच मिनिटं मला समोरचे कागद दिसत नव्हते. विज्ञानाच्या बाई आम्हाला प्रयोगाच्या वहीत दोन रकाने आखायला लावायच्या, निरीक्षण आणि अनुमान. जे दिसलं ते एकीकडे, जे वाटलं ते दुसरीकडे. माझ्या निरीक्षणाच्या रकान्यात होतं: सहा आठवडे झाले, जखम भरली, गाठ आहे, दुखत नाही, थोडी मोठी झाली. बाकी सगळं, अवधाण, कपची आणि त्या अकराचा मी लावलेला अर्थसुद्धा, अनुमान होतं.

उठून जिन्यात गेले आणि डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ मिळाली.

मॅडमची बोटं

मुलुंडच्या त्या रुग्णालयाचा तिसरा मजला मला पाठ होता. डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा लहानच असतील. बोलतात कमी. त्यांनी गाठीवर दोन बोटं ठेवली, हलवून पाहिली आणि हात तसाच ठेवून विचारलं, “किती दिवस झाले?”

“सहा आठवडे.”

“आणि मला आज सांगताय?”

मी पायाचं, कालवाचं, अवधाणाचं सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “पायाच्या जखमेने इथे गाठ येते, हे खरं आहे. पण तुमच्या बाबतीत मला त्यावर विसंबता येणार नाही. आजच सुई घालून तुकडा घेऊया.”

“मॅडम, पण सीए तर अकरा आहे.”

“आकडा बरा आहे, ते चांगलंच आहे. पण गाठ छोटी असली की रक्तात कधी कधी काही दिसत नाही.”

पाच दिवसांनी निकाल आला. तोच आजार. विलास शेजारी बसला होता. त्याने विचारलं, “पण पोटातला कॅन्सर पायाशी कसा आला?”

मॅडमनी कागदावर चित्र काढलं. हा आजार बहुतेक वेळा पोटातच परततो. पण शरीरात रक्तवाहिन्यांसारख्या आणखी बारीक नळ्या असतात, त्यांतून पाण्यासारखा रस वाहतो आणि वाटेत जागोजाग गाठी गाळणीचं काम करतात. अंडाशयातून मुख्य वाट वर जाते. एक अरुंद वाट गर्भाशयाच्या बाजूने खाली जांघेत उतरते. क्वचित एखादी पेशी त्या वाटेने जाते. कुणाला मानेत गाठ येते, कुणाला काखेत.

मला चित्र लगेच कळलं. मी आयुष्यभर नळ्यांचेच नकाशे बघत आले आहे.

“आता एकच बघायचंय,” मॅडम म्हणाल्या. “आजार फक्त इथेच आहे, की अजून कुठे. फक्त इथे असेल तर मी गाठी काढून टाकेन आणि आपण पुन्हा नीट लढू. सगळीकडे असेल तर रस्ता वेगळा. सोमवारी अख्ख्या शरीराचा पेट स्कॅन.”

फक्त इथे, की अजून कुठे. त्यानंतरचे चार दिवस घरात दुसरा प्रश्नच नव्हता.

घरात

विलास मला कधी ओरडत नाही. त्या संध्याकाळी तो ओरडला, आणि तेही आईसमोर.

“सहा आठवडे! सहा आठवडे दोघी मीठ शेकत बसलात! शिकलेली बाई तू! आणि आई, तुम्हाला तरी कळायला नको?”

तेजू पुस्तक घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. आई पदराने उगाच कट्टा पुसत राहिली. वारा फिरला होता, डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास घरात आला होता. खिडकी लावायला कुणी उठलं नाही.

मी म्हटलं, “भेट मी पुढे ढकलली. आईने नाही.”

“तू तिची बाजू घेऊ नकोस आता.”

“बाजू नाही घेत. झालं ते सांगते.”

तो बाहेर निघून गेला. तासाभराने परत आला तेव्हा हातात शहाळी होती. आईसमोर एक ठेवलं आणि म्हणाला, “घ्या.” आईने घेतलं नाही.

त्या दिवसापासून आईने मला हात लावायचं सोडलं. लहानपणापासून जिचा हात सदैव माझ्या अंगावर, कपाळावर, पोटावर असायचा, ती आता पेजेची वाटी टेबलाच्या कडेला ठेवून मागे सरकायची. मी कितीदा म्हटलं, “आई, बस ना जवळ.” ती म्हणायची, “नको गो. माझ्याच हातान झाला. मिया तुका थांबवलंय.”

आजाराची भीती मला होतीच. पण मी गेले तर आई हे असंच म्हणत उरलेलं आयुष्य काढील, ही भीती जास्त होती. त्या चार दिवसांत मी मनाशी ठरवलं. स्कॅनमध्ये काहीही निघो, मी उपचार घेणार, आणि आईच्या डोक्यातून हे काढणार. यातलं दुसरं काम जास्त अवघड जाईल असं वाटत होतं.

थांबलेला तास

पेट स्कॅनच्या आधी शिरेत औषध देतात आणि तासभर एका छोट्या खोलीत एकटं बसवतात. बोलायचं नाही, मोबाईल नाही, हालचाल नाही. पाणी पीत राहायचं. खोलीत दोन खुर्च्या होत्या, मधे पडदा. पलीकडे कुणीतरी होतं. तासाभराने बाहेर आम्हाला शेजारी शेजारी बसवलं तेव्हा ओळख झाली. घाटकोपरच्या रेखाबेन, साठीच्या.

“तुम्हारा क्या?”

“ओव्हरी. दुसऱ्यांदा. जांघ में गांठ.”

त्या एकदम माझ्याकडे वळल्या. “मेरा भी ओव्हरी! मेरा इधर आया.” त्यांनी पदर सरकवून डाव्या खांद्याजवळ, मानेच्या खालचा खळगा दाखवला. “मंगळसूत्र पहन रही थी, हाथ को लगा. बेटा बोला थायरॉईड होगा. मैंने बोला, तू डॉक्टर है क्या? तू तो साड़ी बेचता है.”

मला हसू आलं. किती दिवसांनी. मी त्यांना कालवाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “देखो, इसको घूमने का शौक है. मेरे को ऊपर गया, तेरे को नीचे. बदमाश है. पर दोनों ने पकड़ा ना?”

पकडलं. उशिरा, पण पकडलं. हा शब्द मी घरी नेला.

“बहन, पोर्ट लगवा ले,” जाताना त्यांनी सांगितलं. “शिरा शोधते शोधते ये लोग रुलाते हैं.” तो सल्ला मी घेतला, केमोसाठी छातीत कातडीखाली ती छोटी डबी बसवून घेतली आणि पुढच्या सहा महिन्यांत रोज त्यांचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचा स्वतःचा फोन आला. मी प्रयोगशाळेत होते. घरी बसून वाट बघण्यापेक्षा कामावर बरं, म्हणून गेले होते. “सुनंदाताई, जांघेतली ती गाठ आणि तिला लागून एक छोटी. बाकी कुठेच काही नाही. पोट स्वच्छ आहे.”

मी शुभांगीला मिठी मारली. तिला आधी कळेना काय झालं. मग तीही रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, “त्या म्हातारीच्या नळाचं पाणी आणलं गं मी. फेल निघालं.”

ऑपरेशन आणि नंतर

ऑपरेशन पहिल्यापेक्षा छोटं होतं, पण त्रास कमी नव्हता. जांघेतल्या गाठींचा अख्खा घोस काढतात. एक नळी बाहेर ठेवतात, तिला बाटली लावलेली असते, तिच्यात पाणी साठत राहतं. ती बाटली तीन आठवडे माझ्याबरोबर होती. पिशवीत घालून खांद्याला अडकवायची. विलास रोज सकाळी बाटली मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहायचा, लिफ्टच्या देखभालीची नोंद करावी तसा. आकडा उतरत गेला, तसा त्याचा चेहरा सैल होत गेला. तो माफी मागणाऱ्यातला नाही. पण त्या तीन आठवड्यांत त्याने आईसाठी रोज आठवणीने ताजे मासे आणले, ते कशासाठी हे सगळ्यांना कळत होतं.

वॉर्डातल्या मावशींचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, सगळे मावशीच म्हणायचे. पहिल्या दिवशी उठवताना त्या म्हणाल्या, “पाय खाली ठेव, मी धरलंय. पडलीस तर दोघी पडू, मग डॉक्टर मलाच ओरडतील. म्हणून पडायचं नाय.” अशा माणसांवर रुग्णालय चालतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम राउंडला आल्या तेव्हा आई कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. मी मुद्दामच तिला बोलावून घेतलं होतं. मॅडमना मी सरळ विचारलं, “मॅडम, खरं सांगा. सहा आठवड्यांनी किती नुकसान झालं?”

आईने मान खाली घातली. मला वाटलं मॅडम म्हणतील, काहीच नाही. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

“तुम्ही सहा आठवडे आधी आला असतात तर मला बरं वाटलं असतं. ते मी नाकारणार नाही.” मग त्या आईकडे वळल्या. “आजी, गाठ पहिल्यांदा कुणाच्या हाताला लागली?”

आईने हात पदराखाली घेतला. मी म्हटलं, “हिच्या.”

“हरभऱ्याएवढी होती ना तेव्हा? आजी, या जागी गाठ घेऊन बायका माझ्याकडे येतात तेव्हा ती लिंबाएवढी झालेली असते. कारण तिथे कुणी हात लावत नाही. तुम्ही लावलात. ओळखायला चुकलात, पण सापडली तुम्हालाच.”

मॅडम पुढच्या खाटेकडे गेल्यावर आई उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या केसांतून हात फिरवला. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा.

“केस परत जातले काय गो?”

“जातील.”

“जांवदेत. डोक्याक तेल कमी लागात.”

पुन्हा सहा

केमो पुन्हा सहा झाल्या. पहिल्या वेळी मला दर वेळी वाटायचं, हे संपलं की सगळं संपलं. या वेळी तसं वाटत नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्यामुळे सोपं गेलं. मी एका केमोपुरतंच बघायची. पहिले चार दिवस माझे नाहीत, ते औषधाचे. पाचव्या दिवशी पेज, सातव्या दिवशी सोलकढी, दहाव्या दिवशी कामावर अर्धा दिवस. साहेबांनी माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली नाही, त्यांची मी ऋणी आहे.

उजवा पाय आता डाव्यापेक्षा जाड आहे. गाठी काढल्या की तिथला रस नीट वाहत नाही, पाय सुजतो. घट्ट मोजा घालते, पाय उशीवर घेऊन झोपते, अनवाणी चालत नाही. खडकांवर तर नाहीच. हे मला कुणी आधी फार स्पष्ट सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. तुम्ही विचारून घ्या.

आणखी काही गोष्टी, ज्या बायका यातून जात आहेत त्यांच्यासाठी. रक्ताचा आकडा चांगला आला म्हणून भेट रद्द करू नका. आकडा डॉक्टरांचा हात नव्हे. जखम भरली आणि गाठ राहिली, तर कारणं शोधू नका, दाखवा. दाखवायला लाज वाटली तर दाखवून मग लाजा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना वेड्यात काढू नका. त्यांना अर्धं माहीत असतं. उरलेलं अर्धं आपण शिकलोय, तर त्यांच्या अर्ध्याला ते जोडायचं काम आपलं.

नंतरचा स्कॅन स्वच्छ आला. मॅडम म्हणाल्या, “सध्या कुठेही काही नाही. आजार परतू नये म्हणून गोळ्या रोज चालू राहतील. आणि हे लक्षात ठेवा, तुमचा आजार गाठींच्या वाटेने जातो. परत आला तर कदाचित तसाच, कुठल्याही गाठीत.” हे त्यांनी मला घाबरवायला सांगितलं नाही. मी घाबरलेही नाही. माहीत असलेली वाट राखता येते.

मी उठायला लागले, तर आई उठेना. त्या दिवशी ती हट्टाने बरोबर आली होती.

“बाई,” ती मॅडमना म्हणाली, “माका शिकवशात? खंय खंय बघूचा ता?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग दार लावून घेतलं आणि मला पुन्हा टेबलावर झोपवलं. आईचा हात धरला. तो हात आयुष्यभर माडाची झापं विणून, मासे साफ करून खरखरीत झालेला. त्यांनी तो आधी माझ्या मानेवर ठेवला, मग डाव्या खळग्यात. “इथे. हळू, बोटांच्या पोटाने, टोकाने नाही.” मग एक काख, दुसरी काख. मग जांघा, आधी डावी, मग टाक्यांची उजवी. “इथे घट्ट लागेल, तो वण आहे. वण कसा लागतो ते नीट लक्षात ठेवा, म्हणजे नवीन काही आलं तर कळेल.” आई श्वास रोखून शिकत होती. मी छताकडे बघत पडून होते.

“म्हयन्यातून कितीदा?”

“एकदा पुरे.”

“आणि गावली तर किती दिस थांबाचा?”

“हिच्या बाबतीत एक दिवसही नाही, आजी.”

“बरा,” आई म्हणाली.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी चहा घेत होते. आई आतल्या खोलीतून हाक मारत होती. “चल गो, आडवी हो.” तिने हात गरम पाण्याने धुऊन पुसले होते. मान, खळगा, काखा, जांघा, मॅडमनी सांगितलेल्या क्रमाने, एकही जागा न गाळता. उजवीकडच्या वणावर ती जास्त वेळ थांबली. डोळे मिटून घेतले होते. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

“काय नाय,” ती म्हणाली. “ऊठ, चाय निवता.”